भावाचे पैसे बुडाले, म्हणून शेअर शिकवणारं अ‍ॅप काढतेय…

वाचकाचं पत्र, थोडक्यात

एकोणतीस वर्षांची एक वाचक. मोबाइल अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करणं हे तिचं रोजचं काम. धाकट्या भावाने ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या जोखमीच्या सौद्यांत, 1 लाख 80 हजार रुपये घालवले. त्यातले 60 हजार आईच्या मोडलेल्या एफडीचे होते. "त्याला कोणी आपल्या भाषेत नीट शिकवलं असतं तर हे झालं नसतं," असं वाटून तिने एका मित्राबरोबर नवशिक्यांसाठी मराठी अ‍ॅप करायला घेतलं. ओळखीच्या चाळीस जणांना वापरायला दिलं, तर नुसते धडे वाचणारे चौथ्या धड्यावर गळाले. हा धडा पी-ई गुणोत्तर (शेअरचा भाव कंपनीच्या प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे) आणि पुस्तकी मूल्याचा होता. खोट्या एक लाखाने शेअर घेण्याची आठवड्याची स्पर्धा मात्र लोक रोज उघडत होते. मित्राचं म्हणणं, स्पर्धा, क्रमवारी, बक्षिसं आणि ‘आठवड्याचे तीन शेअर’ हेच अ‍ॅपचं मुख्य अंग करू. एका दलाल कंपनीने प्रत्येक नव्या डिमॅट खात्यामागे पैसे देऊ केले आहेत. ती विचारते: "गोड केलं नाही तर कोणी शिकत नाही. गोड केलं तर भावासारखे आणखी तयार होतील का, या भीतीने झोप लागत नाही. अ‍ॅप करू की सोडून देऊ?"

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा अ‍ॅपसाठी आणि एकदा भावासाठी. "नीट शिकवलं असतं तर हे झालं नसतं" या एका वाक्यावर तुमचं सगळं काम उभं आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

खरंच झालं नसतं का? जुलै 2023 पासून प्रत्येक दलालाच्या अ‍ॅपवर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, एक इशारा दाखवायला लावला आहे: फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये दहापैकी नऊ सामान्य लोकांना तोटा होतो. लॉगिन केलं की तो समोर येतो आणि ‘समजलं’ असं दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या भावाने तो इशारा एकदा नाही, कित्येकदा पाहिला असणार. म्हणजे माहिती त्याच्यापर्यंत पोचली होती, तीही अगदी नेमक्या क्षणी. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने तीन वर्षांचा हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. त्या अहवालातला मला सर्वांत जास्त टोचलेला आकडा मात्र वेगळा आहे. लागोपाठ तोटा होऊनही 75 टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार थांबवले नाहीत.

हे लोक अडाणी नव्हते. तोटा होतो हे त्यांना स्वतःच्या खात्यावरून कळलेलं होतं. तरी ते थांबले नाहीत, कारण गेलेले पैसे परत मिळवायचे होते, किंवा पगारात भागत नव्हतं, किंवा कोणा मित्राने नफ्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता. ऑप्शन म्हणजे काय, याची सोपी मराठी व्याख्या या कारणांना हात लावू शकत नाही. म्हणून अ‍ॅपचा पुढचा स्क्रीन आखण्याआधी भावाशी बोला. त्याला काय माहीत नव्हतं, हे विचारू नका. पहिला सौदा कोणाच्या सांगण्यावरून केला, तो दिवसाच्या कोणत्या वेळी केला, आणि पहिल्या तोट्यानंतर दुसरा सौदा किती मिनिटांनी केला, हे विचारा. आईच्या एफडीपर्यंत हात गेला त्या दिवशी त्याच्या मनात काय चाललं होतं, हे तो सांगेल तेव्हाच सांगेल, त्यासाठी घाई नको. पण तुमच्या अ‍ॅपने काय शिकवायला हवं, हे या उत्तरांत आहे. आत्ता तुम्ही ते पुस्तकांत शोधताय.

आता तुमच्या चाळीस जणांकडे येऊ. लोक चौथ्या धड्यावर गळाले, यावरून ‘गोड केलं नाही तर कोणी शिकत नाही’ असा निष्कर्ष तुम्ही दोघांनी काढला. पण चौथा धडा कशाचा होता? पी-ई गुणोत्तराचा. ज्या माणसाने अजून एकही शेअर घेतलेला नाही, ज्याचा सगळा पैसा पतसंस्थेत, सोन्यात आणि एलआयसीत आहे, त्याला त्या क्षणी पी-ई कशाला हवा? तो कंटाळला नाही, त्याला गरज नव्हती म्हणून तो उठून गेला. शिवाय पहिले तीन धडे त्याने काहीही गोड नसताना वाचले, हेही लक्षात घ्या.

बहुतेक अभ्यासक्रम ‘शेअर म्हणजे कंपनीतला छोटा हिस्सा’ या वाक्यापासून सुरू होतात. वाक्य खरं आहे, पण पहिला प्रश्न तो नाही. पहिला प्रश्न, ‘हे पैसे तुम्हाला परत कधी लागणार आहेत?’ जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे का? उसाचं बिल आल्यावर सोसायटीचं कर्ज फेडायचं आहे का? दोन वर्षांनी बहिणीचं लग्न आहे का? वापरणाऱ्याला त्याचे आकडे स्वतःच्या हाताने भरू द्या: महिन्याला किती येतात, किती जातात, अचानक दवाखाना निघाला तर किती महिने भागेल. त्या हिशेबात काही शिल्लक उरली नाही, तर अ‍ॅपने स्वच्छ सांगावं की शेअरकडे वळायची तुमची वेळ अजून आलेली नाही, आधी हाताशी रक्कम साठवा. असं सांगणारा स्क्रीन तुमच्या मित्राला आवडणार नाही. माझ्या मते तो तुमच्या अ‍ॅपमधला सर्वांत मोलाचा स्क्रीन ठरेल.

दुसरा धडा तोट्याचा असावा. तुमच्या आराखड्यात तो अकरावा आहे, तो वर आणा. शंभराचे पन्नास झाले म्हणजे पन्नास टक्के पडझड. ते पुन्हा शंभर व्हायला मात्र शंभर टक्के वाढ लागते. हे गणित वाचून डोक्यात शिरत नाही, पण बोटाने पट्टी सरकवून पाहिलं की शिरतं. तुमचं कसब नेमकं इथे लागणार आहे.

भाषेबद्दल तुम्ही विचारलंय की ‘समभाग’ लिहू की ‘शेअर’. शेअरच लिहा, घरात तोच शब्द चालतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रियापदांकडे लक्ष द्या. आपण एफडीत पैसे ठेवतो, दागिना करतो, जमीन घेतो, पण शेअरमध्ये पैसे लावतो. पैज लावतो, मटक्यावर लावतो, तसे. ‘तो मार्केट करतो’ असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, तो दहा वर्षांसाठी निर्देशांक फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे विभागणारा फंड) घेऊन बसलेला आहे की सकाळी घेऊन दुपारी विकतोय, हे त्या वाक्यातून कळत नाही. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबल्या आहेत आणि नवशिक्या त्याच गोंधळात पाऊल टाकतो. दिवसाच्या आत घेऊन विकणाऱ्यांचा सेबीने 2024 मध्ये वेगळा अभ्यास केला, तेव्हा 2022-23 मध्ये दहापैकी सात जण तोट्यात निघाले. तुमच्या अ‍ॅपने ‘ठेवणं’ आणि ‘लावणं’ हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले, तर मराठीतून शिकवण्याला खरा अर्थ येईल. नाही तर ते नुसतं भाषांतर होईल.

त्याच वेळी हेही ध्यानात असू द्या की दलालाच्या अ‍ॅपवर शिकणाऱ्याला बहुधा इंग्रजीच दिसणार आहे. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला सौदा), लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या मर्यादेतल्या भावाला सौदा), कॉन्ट्रॅक्ट नोट (झालेल्या सौद्याचा दलालाकडून येणारा हिशेब) हे शब्द तिथे जसे दिसतात तसेच ओळखता आले पाहिजेत, नाही तर तुमच्याकडे शिकलेला माणूस खऱ्या स्क्रीनसमोर पुन्हा निरक्षर होतो. ‘विपणन आदेश’ असलं काही त्याच्या माथी मारू नका.

आता स्पर्धेचं पाहू. तुमचा मित्र वाईट हेतूने बोलत नाही, लोक रोज उघडतात हे त्याचं निरीक्षण खरं आहे. पण एक साधा हिशेब दोघांनी मिळून करा. चाळीस जण, प्रत्येकी खोटे एक लाख, मुदत सात दिवस. पहिला कोण येईल? ज्याने सगळे पैसे एकाच उसळत्या शेअरवर टाकले आणि ज्याचं नशीब त्या आठवड्यात चाललं, तो. ज्या बाईने विचार करून पैसे पाच ठिकाणी विभागले आणि मग काहीच केलं नाही, ती विसावी येईल. म्हणजे तुमचे धडे सांगणार ‘धीर धरा, विभागून ठेवा’ आणि क्रमवारीचा तक्ता सांगणार की असं करणारे हरतात. या दोघांत माणूस तक्त्याचं ऐकतो. वर त्यात पैसे खोटे असल्यामुळे पोटात गोळा येत नाही, आणि शेअर बाजारात शिकायची मुख्य गोष्ट तो गोळा आल्यावर काय करायचं हीच आहे. चार आठवडे स्पर्धेत वर राहिलेला मुलगा पाचव्या आठवड्यात खरं खातं उघडेल, तेव्हा तो तयार नसेल, फक्त निर्धास्त असेल. ही भीती तुम्हाला रात्री वाटते, ती बरोबर आहे. तिला कमकुवतपणा समजू नका.

रॉबिनहूड नावाच्या अमेरिकी अ‍ॅपवर काही ठराविक टप्प्यांना, उदाहरणार्थ पहिला सौदा झाला की, पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडायचा. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियामकाने डिसेंबर 2020 मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली आणि गुंतवणुकीला खेळाचं रूप दिल्याचा ठपका ठेवला. मार्च 2021 मध्ये कंपनीने तो पाऊस काढून टाकला. एवढीशी चित्रकरामत, पण ती ‘शाबास, आणखी एक’ असं सांगत होती. तुम्ही डिझायनर आहात, म्हणून सांगते: कोणत्या कृतीनंतर पडदा आनंद दाखवतो, ते तुमच्या अ‍ॅपचं खरं शिकवणं. आनंद दाखवायचाच असेल, तर माणूस ‘आज काही करायचं नाही’ असं ठरवतो तेव्हा दाखवा.

कायद्याची बाजूही आहे आणि ती मित्राला आधी दाखवा, कारण ती तुमच्या-माझ्या मतावर अवलंबून नाही. मे 2024 च्या परिपत्रकाने सेबीने बाजारांना आणि दलालांना आभासी व्यवहार व काल्पनिक खेळांसाठी चालू भाव पुरवायला मनाई केली. नोव्हेंबर 2024 मध्ये अशा आभासी व्यवहाराच्या आणि खेळाच्या मंचांपासून दूर राहा, असं जनतेला जाहीरपणे सांगितलं. जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने आणखी स्पष्ट केलं की जो फक्त शिक्षण देतो असं म्हणतो, त्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कोणत्याही शेअरचं नाव घेऊन बोलू नये. ‘आठवड्याचे तीन शेअर’ तर सरळ सल्लाच झाला आणि त्यासाठी संशोधन विश्लेषक किंवा गुंतवणूक सल्लागार म्हणून सेबीकडे नोंदणी लागते. खाली बारीक अक्षरात ‘केवळ शैक्षणिक हेतूने’ लिहिल्याने सुटका होत नाही. हे नियम बदलत राहतात, म्हणून अ‍ॅप बाहेर काढण्याच्या आठवड्यात ताजी परिपत्रकं एखाद्या जाणकार वकिलाकडून वाचून घ्या. तो खर्च टाळू नका.

मग खेळ अजिबात नको का? हवा, आणि तो तुम्हीच उत्तम कराल. फक्त तो जुन्या काळात नेऊन ठेवा. वापरणाऱ्याला निर्देशांक फंडात ठेवलेले खोटे दहा हजार द्या आणि जानेवारी 2008 मध्ये सोडा. सेन्सेक्स 21 हजारांना टेकलेला आहे, सगळीकडे उत्साह आहे. मग एकेक महिना पुढे न्या. रक्कम आठ हजार, सहा हजार, पाच हजार. मार्च 2009 येतो, सेन्सेक्स 8 हजारांच्या आसपास आणि त्याच्या हातात चार हजारांच्या आत-बाहेर उरलेले. प्रत्येक महिन्याला दोनच पर्याय द्या, ‘विका’ आणि ‘राहू द्या’. शेवटी नोव्हेंबर 2010 ची दिवाळी दाखवा, निर्देशांक पुन्हा 21 हजारांजवळ, आणि शेजारी त्याने स्वतः काय केलं तेही. मार्च 2020 असाच दाखवता येईल. त्या महिन्यात 23 तारखेला एका दिवसात सेन्सेक्स 3,935 अंशांनी, म्हणजे 13 टक्क्यांनी कोसळला होता. त्या दिवशी कोणत्या बातम्या होत्या, घरात टाळेबंदीची कशी भीती होती, हे वापरणाऱ्यांना स्वतःलाच आठवेल. खोट्या पैशांनाही त्या आठवणीमुळे थोडं वजन येईल.

पण इथे एक फसगत आहे. नुसते हे दोन खेळ दिलेत तर माणूस शिकेल की काहीही झालं तरी धरून ठेवा, परत वर येतंच. निर्देशांकाच्या बाबतीत ते भारतात आजवर खरं ठरलं आहे, कारण बुडणारी कंपनी निर्देशांकातून काढून टाकतात आणि दुसरी आत घेतात. एकेकट्या शेअरच्या बाबतीत ते खरं नाही. सत्यम सेन्सेक्समधली कंपनी होती. 7 जानेवारी 2009 ला तिच्या अध्यक्षाने हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं आणि शेअर एका दिवसात सुमारे 179 रुपयांवरून 40 च्या आसपास आला. डीएचएफएल ही आपल्याकडच्या कित्येक घरांना कर्ज देणारी मोठी कंपनी. 2021 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत तिच्या भागधारकांच्या हाती काहीच आलं नाही, शेअर बाजारातूनच गेला. म्हणून तिसऱ्या फेरीत नाव न सांगता असा एक शेअर द्या. मागच्या दोन फेऱ्यांत ‘राहू द्या’ शिकलेला माणूस इथेही धरून ठेवेल आणि शून्यावर पोचेल. मग नाव उघड करा. एक शेअर घेणं आणि पन्नास कंपन्यांचा निर्देशांक फंड घेणं, यातला फरक त्याला कायमचा कळेल. अगदी गोड नसलेला हा खेळ लोक शेवटपर्यंत खेळतील, असं मला वाटतं, कारण त्यात ‘पुढे काय झालं?’ हा प्रश्न आहे.

तुमच्या मनात आणखी एक गृहीतक आहे, कदाचित ते तुमच्याही लक्षात आलेलं नसेल. रोज उघडलं जातं ते अ‍ॅप चांगलं, असं तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या धंद्यात ते शिकवतात, त्यामुळे तुमचा दोष नाही. पण तुमचा विषय काय आहे? दीर्घकाळाची गुंतवणूक. त्यात चांगल्या माणसाने रोज भाव पाहू नये, हेच तर शिकवायचं आहे. सलग एकवीस दिवस उघडल्याबद्दल बिल्ला देणारं अ‍ॅप त्याला रोज बाजाराकडे पाहायची सवय लावतं. त्यातून तो बाजार बघत राहणारा माणूस होतो, आणि बघत राहणाऱ्याचे हात शिवशिवतात. तुमचं अ‍ॅप संपणारं असू द्या. वीस-बावीस धडे, तीन खेळ, आणि शेवटी ‘आता तुम्हाला माझी गरज नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, करांचे नियम बदलले असतील तर ते पाहायला या.’ मध्ये एकही सूचना पाठवू नका. बाजार पडला त्या दिवशी तर मुळीच नको.

मग तुम्ही नीट काम केलंत की नाही, हे कशावरून ठरवाल? धडे संपवून तीन आठवडे झाले की त्या चाळीस जणांना एक बनावट टिप दाखवा: ‘अमुक शेअर, आज घ्या, महिन्यात दुप्पट, गटात सामील व्हा.’ किती जण नाही म्हणतात आणि का, ते लिहून घ्या. एक नमुना कॉन्ट्रॅक्ट नोट द्या आणि दलाली, एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर), मुद्रांक शुल्क धरून एकूण किती कापलं गेलं ते शोधायला सांगा. एक वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर, वर्षानंतर विकलं तर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, हे त्याला जोडून सांगा. जो हे दोन्ही करू शकतो तो शिकला, मग त्याने अ‍ॅप चारदा उघडलं असो की चाळीस वेळा. आणि शिकून एखाद्याने ठरवलं की मला शेअर नकोत, पोस्टातली आवर्त ठेवच बरी, तर तोही तुमचा उत्तीर्ण विद्यार्थी समजा.

फसवणुकीचा धडा टाळू नका, तो शेवटी नको, मध्ये कुठेतरी ठसठशीत असू द्या. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या गटात ओढतात, दलालाच्या अ‍ॅपसारखं दिसणारं खोटं अ‍ॅप उतरवायला लावतात, त्यावर नफा वाढताना दिसतो आणि पैसे काढायला गेलं की ‘आधी कर भरा’ म्हणतात. पैसे पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासायचा. नोंदणीकृत दलाल आणि फंडांच्या यूपीआय पत्त्यात ऑक्टोबर 2025 पासून ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो, तो पाहायचा. फसगत झालीच तर लाज न धरता लगेच 1930 ला फोन करायचा, कारण तिथे तासांना किंमत असते. तुमच्या अ‍ॅपमध्ये पैसे भरायची कुठेही जागा नाही, पॅन क्रमांक किंवा फोनमधली नावं तुम्ही मागत नाही, हे पहिल्याच स्क्रीनवर लिहा. उद्या तुमच्याच नावाने कोणी पैसे मागितले तर लोकांना ते ओळखता येईल.

दलाल कंपनीच्या पैशांबद्दल लिहिताना मला माझं एक जुनं सांगावं लागेल. मी सव्वीस वर्षं बँकेत होते. 2007 च्या सुमारास शाखेला युलिप पॉलिसी (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली) विकण्याचं उद्दिष्ट आलं. मी खातेदारांना बसवून बाजार म्हणजे काय, युनिट म्हणजे काय, हे मनापासून समजावत होते. चुकीची व्याख्या एकही सांगितली नाही. एका निवृत्त शिक्षिकेने शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणजे चांगलंच असणार. कुठे सही करू?" त्यांना ते पैसे दोन वर्षांनी लागणार होते, हे मला माहीत होतं. त्या काळी पहिल्या वर्षाचं शुल्क जबर असे आणि तीन वर्षं पैसे अडकत. मी सही घेतली. 2008 आल्यावर त्या शाखेत आल्या, काउंटरपाशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न बोलता गेल्या. त्यानंतर मी शिकवणं आणि विकणं एका तोंडाने कधी केलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: खात्यामागचे पैसे घेऊ नका. ते उघड सांगून घेतले तरी नकोत. कारण ‘तुमची वेळ अजून आलेली नाही’ हा स्क्रीन, ज्याबद्दल मी वर लिहिलं, तो मग तुम्हाला दर वेळी काही शे रुपयांना पडेल. तुम्ही प्रामाणिक आहात, तरी सहा महिन्यांत तो स्क्रीन जरा मऊ होईल, वर्षाभरात गळून पडेल. त्याऐवजी एकदाच घ्यायची छोटी फी ठेवा. किंवा महाविद्यालयं, कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या, बचत गटांचे महासंघ यांना विचारा. त्यांना आपल्या सभासदांसाठी असं काही मराठीत हवं असतं. यातून फार पैसा उभा राहणार नाही. मित्र नोकरी सोडून यात उतरायचं म्हणत असेल तर त्याला आत्ताच हे सांगा, नंतर नको. तो नाही म्हणाला तर ते त्याचं चूक नाही. त्याला धंदा हवा आहे, तुम्हाला दुसरं काही हवं आहे, आणि हे मैत्री टिकलेली असतानाच बोलून घेतलेलं बरं.

स्क्रीनबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, तरी दोनच गोष्टी. नफ्याला हिरवा आणि तोट्याला लाल एवढ्यावर भागवू नका. तो फरक न दिसणारे पुरुष पुष्कळ असतात आणि दिसणाऱ्यांना तो भडकवतो. आणि प्रत्येक धडा ऐकताही यावा. तुमच्या आईला वाचून कंटाळा येईल, पण भाकरी करताना ती ऐकेल.

करू की सोडून देऊ, असं तुम्ही विचारलंत. करा, पण लहान करा. आधी चार धडे आणि 2008 चा एक खेळ, तेवढंच. तुम्ही आणि जो कोणी धडे लिहिणार असेल तो, एनआयएसएम या सेबीने काढलेल्या प्रशिक्षण संस्थेची सेबी गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा द्या, ती विनामूल्य आहे. लिहिलेला मजकूर कोणा नोंदणीकृत सल्लागाराकडून तपासून घ्या.

आणि कॉन्ट्रॅक्ट नोटचा जो धडा करायचा आहे, त्यासाठी भावाला एकदा विचारून पाहा. त्याच्या खऱ्या नोटा असतील मेलमध्ये पडलेल्या. नाव, क्रमांक सगळं झाकून, त्यातली एक वापरू देशील का, आणि त्या दिवशी काय झालं ते तुझ्या आवाजात सांगशील का, एवढंच विचारा. आजवर घरात सगळे त्याला समजावत आले असतील, त्याने कोणाला काही सांगावं असं बहुधा कोणी म्हटलेलं नसेल. तो नको म्हणाला तर पुन्हा विचारू नका. नमुन्याची नोट तुम्ही स्वतः तयार करू शकता. आईच्या एफडीतले 60 हजार महिन्याला थोडे थोडे करून तिच्या खात्यात कसे परत घालायचे, याचा कागद मात्र तुम्ही तिघं या रविवारी बसून करा, अ‍ॅप थोडं थांबलं तरी चालेल.